हद्दपार घराण्याची वंशावळ

न्यूयॉर्क शहराच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्राँक्स भागात, एक लहानशी नदी खाडीला येऊन मिळते. तिच्या काठाने जाणाऱ्या मोटाररस्त्यावर रात्रंदिवस वर्दळ असते आणि शहरवासी त्या रस्त्याला नुसते ‘हच’ म्हणून ओळखतात. नदीचे नाव हचिन्सन, रस्त्याचेही तेच. हे नाव कुणा सेनापतीचे किंवा गव्हर्नरचे असावे असा ऐकणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते एका इंग्रज बाईचे आहे. १६४३ च्या ऑगस्ट महिन्यात ती आपल्या सहा मुलांसह याच परिसरात मारली गेली. ही वार्ता बोस्टनला पोहोचली तेव्हा तिथल्या धर्मोपदेशकांनी शोक तर केला नाहीच, उलट ईश्वराने योग्य न्याय केला असाच तिचा अर्थ लावला. पंधरा मुलांची ही आई, अ‍ॅन हचिन्सन, सहा वर्षांपूर्वी त्याच बोस्टनमधून हद्दपार झाली होती.

इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वंशावळी शोधण्याचा छंद अमेरिकेत फार जुना आहे. त्यासाठी बोस्टनमध्ये १८४५ साली एक खास संस्थाच स्थापन झाली. आपल्याकडील कुलवृत्तांतांप्रमाणेच या वंशावळींतही पूर्वजांचे मोठेपण वाढवून सांगण्याचा मोह पुष्कळदा दिसतो. हचिन्सन घराण्याच्या बाबतीत मात्र वाढवून सांगण्याची गरज पडत नाही. या घराण्याची मुळे बाप्तिस्म्याच्या नोंदींत, न्यायालयाच्या कागदांत आणि कैदेच्या हुकमांत इतकी पक्की रुजलेली आहेत की संशोधकाने फक्त ती वाचत जावे.

पहिली नोंद आहे लिंकनशायर परगण्यातील आल्फर्ड या बाजारगावातली. २० जुलै १५९१ रोजी तिथल्या चर्चमध्ये अ‍ॅन मारबरीचा बाप्तिस्मा झाला. वडील फ्रान्सिस मारबरी त्याच गावात उपदेशक आणि शाळामास्तर होते. चर्चने अडाणी माणसांना उपदेशकाची वस्त्रे चढवू नयेत, असे उघडपणे बोलण्याची त्यांना खोड होती आणि तिच्यापायी १५७८ मध्ये लंडनच्या बिशपपुढे त्यांची चौकशी होऊन त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली होती. या चौकशीतील सवालजवाब त्यांनी पुढे आठवणीने लिहून काढले आणि घरातील मुलांना वाचायला दिले. सत्तेपुढे उभे राहून बायबलचा आधार घेत उत्तरे कशी द्यायची, याचा तो धडाच होता. मुलीने तो किती मनापासून गिरवला हे पुढे दिसून आले.

अ‍ॅनची आई ब्रिजेट ही नॉर्दम्प्टनशायरमधील ड्रायडन या जमीनदार घराण्यातली. प्रख्यात कवी व नाटककार जॉन ड्रायडन हा अ‍ॅनच्या मामाचा नातू. हे नाते एकोणिसाव्या शतकात जोसेफ लेम्युएल चेस्टर या लंडनवासी अमेरिकन संशोधकाने कागदपत्रांतून सप्रमाण मांडले. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखात हचिन्सन, मारबरी आणि ड्रायडन या तिन्ही घराण्यांचे धागे एकत्र आले. मराठी वाचकाला यात आणखी एका गोष्टीचे कुतूहल वाटेल. याच ड्रायडनने १६७५ मध्ये औरंगजेबावर नाटक लिहून लंडनच्या रंगभूमीवर आणले. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते.

वडिलांच्या निधनानंतर, ऑगस्ट १६१२ मध्ये, अ‍ॅनचे लग्न आल्फर्डच्याच विल्यम हचिन्सन या कापडाच्या व्यापाऱ्याशी लंडनमध्ये झाले आणि ती पुन्हा गावी परतली. पुढील बावीस वर्षांत आल्फर्डच्या चर्चच्या दप्तरात या जोडप्याच्या चौदा मुलांच्या बाप्तिस्म्यांची नोंद झाली. एडवर्ड, सुझाना, रिचर्ड, फेथ, ब्रिजेट, फ्रान्सिस अशी ही नावे क्रमाने येत जातात. वंशावळ शोधणाऱ्याला या यादीत एक गोष्ट थबकायला लावते, ती म्हणजे दोनदा आलेला विल्यम आणि दोनदा आलेली सुझाना. पहिला विल्यम लहानपणीच गेला. पहिली सुझाना १६३० च्या सप्टेंबरमध्ये, सोळाव्या वर्षी दगावली आणि महिन्याभरातच तिची आठ वर्षांची बहीण एलिझाबेथ गेली. गावात तेव्हा साथ होती. गेलेल्या मुलाचे नाव नंतरच्या मुलाला ठेवण्याची त्या काळी रीतच होती. दुसरी सुझाना १६३३ साली जन्मली. तिचे नाव लक्षात ठेवायला हवे.

आल्फर्डहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरील बोस्टन या बंदराच्या गावी जॉन कॉटन नावाचा विद्वान उपदेशक होता. त्याचे प्रवचन ऐकायला अ‍ॅन आणि विल्यम एवढे अंतर तुडवून जात. कॉटन प्युरिटन विचारांचा होता. इंग्लंडच्या चर्चमधील रोमन वळणाचे विधी काढून टाकावेत, असे म्हणणाऱ्या या पंथावर तेव्हा सरकारची वक्रदृष्टी होती. अटकेचे संकट दिसताच कॉटन १६३३ मध्ये ‘ग्रिफिन’ जहाजाने अमेरिकेला निघून गेला. त्याच जहाजावर हचिन्सनांचा थोरला मुलगा एडवर्डही होता. पुढच्या वर्षी त्याच जहाजाने उरलेले कुटुंब निघाले आणि सप्टेंबर १६३४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले. लिंकनशायरच्या बोस्टनवरूनच नाव घेतलेल्या नव्या बोस्टन गावात त्यांनी घर बांधले. समोरच जॉन विन्थ्रॉपचे घर होते. हा विन्थ्रॉप वसाहतीचा संस्थापक गव्हर्नर.

बोस्टनमध्ये अ‍ॅन सुईणपण करी. बाळंतिणीच्या उशाशी बसून होणाऱ्या बोलण्यातूनच तिचा धर्मविचार गावात पसरला असावा. लवकरच तिच्या घरी बायकांची बैठक भरू लागली. गेल्या रविवारच्या प्रवचनात काय सांगितले गेले, त्याचा अर्थ काय, त्यात चुकीचे काय, याची चर्चा तिथे होई. पुरुषही येऊ लागले, गर्दी साठेक माणसांवर गेली आणि तरुण गव्हर्नर हेन्री व्हेन हादेखील तिच्या बाजूचा झाला. अ‍ॅनचे म्हणणे थोडक्यात असे की मुक्ती केवळ ईश्वरी कृपेने मिळते. माणसाची सदाचरणी वागणूक हा त्या कृपेचा पुरावा होऊ शकत नाही. कॉटन आणि तिच्या नणंदेचा नवरा जॉन व्हीलराइट हे सोडले तर वसाहतीतले बाकीचे उपदेशक कृपेऐवजी कर्माचा उपदेश करतात, असा तिचा रोख होता. मराठी वाचकाला यावरून कर्मकांड आणि भक्ती यांच्या जुन्या वादाची आठवण होईल. पण हे साम्य फार ताणण्यात अर्थ नाही. अ‍ॅनचा वाद एकाच पंथातल्या, एकच ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या माणसांमधला होता आणि म्हणूनच तो इतका कडवट झाला.

ही केवळ तत्त्वचर्चा नव्हती. वसाहतीत मतदानाचा हक्क चर्चच्या सभासदांनाच होता आणि सभासद कोण हे ठरत होते त्याच्या अंतःकरणात कृपा उतरल्याच्या खुणांवरून. त्या खुणा ओळखण्याचा उपदेशकांचा अधिकारच एका बाईने नाकारला, तर सगळी इमारत डळमळणार हे विन्थ्रॉपने अचूक ओळखले. तो क्षुद्र मनाचा माणूस नव्हता. पण वसाहत टिकायची तर एकमत हवे, अशी त्याची ठाम धारणा होती. मे १६३७ च्या निवडणुकीत तो पुन्हा गव्हर्नर झाला, व्हेन इंग्लंडला परतला आणि नोव्हेंबरमध्ये विन्थ्रॉपने सारा हिशेब चुकता केला. व्हीलराइट हद्दपार झाला. पंचाहत्तर माणसांकडून हत्यारे काढून घेण्यात आली. त्यांत अ‍ॅनचा मुलगा एडवर्ड आणि जावई थॉमस सॅव्हेज हे दोघेही होते.

चार्ल्स नदीपलीकडील न्यूटाउन या गावी, जे पुढे केंब्रिज म्हणून ओळखले जाऊ लागले, अ‍ॅनचा खटला चालला. सेहेचाळीस वर्षांची ही बाई वकिलाविना उभी होती. आरोप करणारा विन्थ्रॉप हाच मुख्य न्यायाधीशही होता. पहिल्या दिवशी तिने एकही फट राहू दिली नाही. घरी सभा घेतल्याचा ठपका आला तेव्हा वयस्क स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असे सांगणारे बायबलमधील वचन तिने पुढे केले. उपदेशकांची निंदा केल्याचा आरोप झाला तेव्हा त्यांनी शपथेवर साक्ष द्यावी अशी मागणी केली. विरोधक अडचणीत आले. पण दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊनच सांगून टाकले की ईश्वर तिच्याशी थेट बोलतो आणि या न्यायालयाला आपल्या कृत्याचे फळ भोगावे लागेल. हवे होते ते न्यायालयाला मिळाले. एवढी सावध बाई अखेरच्या क्षणी असे का बोलून गेली, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. ती थकली होती असे काही म्हणतात. पण जे तिला खरे वाटत होते ते लपवून सुटका करून घेणे तिला जमणारे नव्हते, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

हिवाळाभर तिला रॉक्सबरी गावातील एका घरात अटकेत ठेवण्यात आले. मार्च १६३८ मध्ये चर्चने वेगळी चौकशी केली. ज्याच्यासाठी तिने समुद्र ओलांडला होता तो जॉन कॉटन या वेळी तिच्या विरोधात बोलला. एडवर्ड आणि सॅव्हेज यांनी तिची बाजू घेतली म्हणून भर सभेत त्यांचीही कानउघाडणी झाली. २२ मार्चला तिला चर्चमधून बहिष्कृत केल्याचे जाहीर झाले. ती उठून दाराकडे निघाली तेव्हा मेरी डायर नावाची तरुण स्त्री पुढे झाली आणि तिचा हात धरून बरोबर चालू लागली. ही मेरी डायर पुढे क्वेकर पंथात गेली आणि १६६० मध्ये याच बोस्टनमध्ये फासावर चढली.

बर्फ पुरते वितळलेही नव्हते, अशात सहा दिवस पायी चालून अ‍ॅन आणि तिची मुले रॉजर विल्यम्सच्या वसाहतीत पोहोचली. तिथून जवळच अ‍ॅक्विडनेक बेटावर, नॅरागॅन्सेट जमातीच्या प्रमुखांकडून पांढऱ्या मण्यांच्या माळांच्या मोबदल्यात घेतलेल्या जागेवर, विल्यम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोर्ट्समथ हे गाव वसवले. त्या वसाहतीच्या करारनाम्यावर तेवीस जणांच्या सह्या आहेत. त्यांत विल्यम आणि एडवर्ड हे बापलेक आहेत, अ‍ॅनची सही नाही. स्त्रीने सही करण्याची पद्धतच नव्हती. विन्थ्रॉपने या विल्यमची बायकोच्या कह्यात असलेला दुबळा माणूस म्हणून संभावना केली आहे. पण बायकोपायी व्यापार, घर आणि गाव सोडून तो दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा मागे वळून पाहिले नाही. याला दुबळेपणा म्हणणे कठीण आहे.

त्याच वसंतात अ‍ॅनचा गर्भ वाया गेला. आजचे वैद्यकशास्त्र त्याला गर्भाची एक विकृत वाढ म्हणून ओळखते. विन्थ्रॉपने मात्र त्याची बारकाईने चौकशी केली आणि पाखंडाचे हे दृश्य फळ असल्याचा प्रचार इंग्लंडपर्यंत केला. हद्दपारीनंतरही बोस्टनने तिची पाठ सोडली नाही. १६४१ मध्ये तिचा मुलगा फ्रान्सिस आणि जावई विल्यम कॉलिन्स बोस्टनला गेले, तेव्हा त्यांना तुरुंगात डांबण्यात आले. पुढे विल्यम वारला. मॅसॅच्युसेट्स आता हे बेटही गिळंकृत करणार, अशी कुणकुण होती. तेव्हा १६४२ मध्ये अ‍ॅन सात मुले आणि जावई यांना घेऊन इंग्रजी सत्तेबाहेर, डचांच्या न्यू नेदरलंड वसाहतीत राहायला गेली. न्यूयॉर्कमधील पेलहॅम बे परिसर तो हाच.

इथे ज्या संकटाने तिला गाठले ते तिने ओढवून घेतलेले नव्हते. डच गव्हर्नर विलेम कीफ्टच्या हुकमाने फेब्रुवारी १६४३ मध्ये सैनिकांनी हडसन नदीच्या दोन्ही काठांवर आश्रयाला आलेल्या शंभराहून अधिक मूळनिवासींची झोपेत कत्तल केली. त्यात बायका होत्या, तान्ही मुले होती. त्यानंतर त्या टापूतील जमाती वसाहतींवर तुटून पडल्या. सिवानॉय जमातीच्या लोकांनी हचिन्सनांचे घर जाळले. अ‍ॅन, फ्रान्सिस, मुलगी अ‍ॅन आणि तिचा नवरा कॉलिन्स, मेरी, कॅथरिन, विल्यम आणि बोस्टनमध्ये जन्मलेला सर्वांत धाकटा झुरिएल, सगळे मारले गेले. ज्या भूमीवर ही माणसे वसू पाहत होती ती कुणाची होती, हा प्रश्न वंशावळींच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो.

एकटी वाचली ती सुझाना. आल्फर्डच्या दप्तरातली दुसरी. तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. सिवानॉयांनी तिला बरोबर नेले आणि काही वर्षे ती त्यांच्यात वाढली. नंतर तिला इंग्रजांच्या हवाली करण्यात आले. परत यायला ती राजी नव्हती, असे सांगितले जाते. १६५१ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला जॉन कोल याच्याशी तिचे लग्न झाले आणि तिला अकरा मुले झाली. अमेरिकेतील हचिन्सन वंशाच्या चार मुख्य शाखांपैकी ही एक. दुसऱ्या दोन शाखा फेथ सॅव्हेज आणि ब्रिजेट सॅनफर्ड या विवाहित मुलींच्या. लढाईच्या वेळी या दोघी आपापल्या सासरी होत्या म्हणून वाचल्या. चारांपैकी तीन शाखांत हचिन्सन हे आडनाव राहिले नाही. पुरुषांच्या आडनावावरून शोध घेणाऱ्याला हा वृक्ष तीन चतुर्थांश दिसतच नाही.

चौथी शाखा थोरल्या एडवर्डची. पोर्ट्समथहून तो पुन्हा बोस्टनला परतला आणि ज्या सरकारने त्याची तलवार काढून घेतली होती त्याच्याच फौजेत कॅप्टन झाला. तरी आईचा वारसा अगदीच पुसला नव्हता. १६५८ मध्ये क्वेकरांना देहांताची शिक्षा ठरवणारा कायदा मंजूर झाला, तेव्हा विधिमंडळात विरोध नोंदवणाऱ्यांत तो होता. मेरी डायर याच कायद्याने फाशी गेली. १६७५ मध्ये निपमक जमातीशी बोलणी करायला गेलेला एडवर्ड ब्रुकफील्डजवळ दबा धरून झालेल्या हल्ल्यात जखमी झाला आणि काही दिवसांनी वारला. आईप्रमाणेच त्यालाही वसाहतकरी व मूळनिवासी यांच्या युद्धाने गिळले.

एडवर्डचा मुलगा एलिशा, त्याचा थॉमस आणि या थॉमसचा मुलगा थॉमस, म्हणजे अ‍ॅनचा खापरपणतू. १७११ मध्ये बोस्टनला जन्मलेला हा थॉमस हचिन्सन पुढे मॅसॅच्युसेट्सचा सरन्यायाधीश आणि ब्रिटिश राजाने नेमलेला गव्हर्नर झाला. जी खुर्ची एकेकाळी विन्थ्रॉपची, तीच ही. थॉमस राजनिष्ठ होता, हिशेबी होता आणि पणजोबाच्या आईसारखा वादळी मुळीच नव्हता. पण त्याला जुन्या कागदांचे वेड होते. वसाहतीचा इतिहास लिहिण्यासाठी त्याने आयुष्यभर दस्तऐवज जमवले. स्टॅम्पच्या करावरून भडकलेल्या जमावाने २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री त्याचे बोस्टनमधील घर अक्षरशः उभे-आडवे फाडून काढले. भिंतींचे लाकूडकाम उखडले गेले, चांदीची भांडी लुटली गेली आणि कागद रस्त्यावर उधळले गेले. इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचे हस्तलिखित चिखलात पडले होते. अँड्र्यू एलियट या शेजारच्या उपदेशकाने त्यातली पाने वेचून थॉमसला परत दिली.

हा खंड १७६७ मध्ये छापला गेला. त्याच्या पुरवणीत थॉमसने न्यूटाउनच्या खटल्याची सविस्तर नोंद, अ‍ॅनच्या प्रश्नोत्तरांसह, दिली. तोवर जगाला अ‍ॅन माहीत होती ती मुख्यतः विन्थ्रॉपच्या लेखणीतून. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले काही उरलेले नाही, तिचे चित्रही नाही. आज तिचे म्हणणे तिच्याच उत्तरांतून वाचता येते, ते या खापरपणतूमुळे. बापाचे सवालजवाब बापाने लिहून ठेवले होते. मुलीचे तिच्या रक्ताच्या माणसाने छापले, पण मधे एकशे तीस वर्षे गेली.

पुढे थॉमसच्याही वाट्याला तेच आले. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात आला. भारतातील कारभारात कर्जबाजारी झालेल्या कंपनीला सावरण्यासाठी लंडनने तो अमेरिकेच्या माथी मारला होता. चहा ज्यांच्या नावे आला त्या व्यापाऱ्यांत थॉमसचे दोन मुलगे होते. जहाजे माल न उतरवता परत जाऊ देण्यास गव्हर्नर तयार झाला नाही आणि १६ डिसेंबरच्या रात्री तीनशे बेचाळीस पेट्या समुद्रात गेल्या. जून १७७४ मध्ये तो इंग्लंडला गेला तो परतला नाही. त्याची मालमत्ता जप्त झाली. मिल्टनच्या टेकडीवरील आपल्या घराची आठवण काढीत तो ३ जून १७८० रोजी लंडनजवळ वारला आणि क्रॉयडनच्या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. घराणे जिथून निघाले होते त्याच देशात, पण परका म्हणून.

वंशावळकारांनी नंतर या चार शाखांचा विस्तार कसून शोधला. ब्रिजेटचा मुलगा पेलेग सॅनफर्ड सतराव्या शतकातच ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर झाला होता. पुढच्या पिढ्यांत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि बुश पितापुत्र यांची नावे येतात. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यासमोर उभे होते जॉन केरी. केरींच्या आईचे घराणे जॉन विन्थ्रॉपच्या थेट वंशातले. तीनशे सदुसष्ट वर्षांनी दोन घरांची पुन्हा गाठ पडली, हे त्या प्रचाराच्या धामधुमीत फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही. त्या वेळी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते मिट रॉम्नी. तेही अ‍ॅनचेच वंशज. राज्याच्या विधानभवनासमोर १९२२ पासून सायरस डॅलिनने घडवलेला अ‍ॅनचा पुतळा उभा आहे आणि तिला बिलगून एक लहान मुलगी आहे. अ‍ॅनच्या हद्दपारीचा हुकूम मात्र पुतळा उभारल्यावरही कागदोपत्री कायम होता. तो १९८७ मध्ये गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी रद्द केला.